पलीकडची रेघ

गिरजे, आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असंल तर चिंचा फोडल्या. तू खांबाला टेकून बसली होतीस, मी समोर. मधी पात्याचा तो तुकडा, मी यार्डातनं खांद्यावर आणलेला. पवनचक्कीचं एवढं महागाचं पातं अन् त्यावर चिंचा फोडतोय आपण, म्हणून तू दर साली हसायचीस. या साली हसली न्हाईस. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते अन् बोटांत जोर राहिला नव्हता. मी हातोडीनं टरफल फोडायचो, तू चिंचोके काढायचीस. चार-सहा काढले की हात मांडीवर ठेवून थांबायचीस. डॉक्टरनं घरी घेऊन जा म्हणलेल्याला तेव्हा वीस दिवस झाले होते.

मधीच एक चिंच उचलून तू कानाशी हलवलीस.

"ही न्हाई झाली. अजून सालीला धरून हाय."

"फोडली की कळंल," मी म्हणलो.

"फोडून तर कुणालाबी कळतंय."

मग पाणी मागितलंस अन् आत जाऊन पडलीस. पहाटं तू गेलीस. मधी बोललीस थोडं, पण ते तापातलं होतं. शुद्धीवरचं शेवटचं बोलणं हेच, चिंचेवरचं.

आपल्या समाजाच्या मासिकात गेलेल्या माणसाचा फोटो छापतात अन् खाली चार ओळी. गौरीनं, आपल्या नातीनं, तसलं मोबाईलवर लिहून मला वाचून दाखवलं. कष्टाळू, प्रेमळ, देवधर्म करणारी. मी म्हणलो, ही कोण बाई? मला ठावूक न्हाई ही. ती म्हणली, मग आबा, तुमीच लिहा. तर लिहितोय. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातनं चालत गेल्यावानी. गौरी ते नीट उतरवून देणार हाय. तिला सांगितलंय, अक्षर सुधार पण शब्दाला हात लावू नको. अन् सुनीला, आपल्या लेकीला, विचारलं की काय काय लिहू. ती म्हणली, सगळं लिहा.

प्रेमळ बिमळ तू नव्हतीस. फाटक्या तोंडाची होतीस. एकदा सुनीला कैऱ्या द्यायला म्हणून वडवणीला, तिच्या सासरी, गेलीस ती चार दिवस आलीच न्हाईस. मी म्हणलो, कैऱ्या द्यायला चार दिवस लागतात का, तर आठ दिवस माझ्याशी भांडलीस. त्या भांडणाचं कारण मला आत्ता कळलंय. ते शेवटी सांगतो.

माझं काम तुला ठावूक हाय, वाचणाऱ्याला न्हाई. आमच्या माळावर पवनचक्क्या हायत. त्यांची पाती खराब झाली की उतरवून यार्डात आणतात. तिथं मी आधी वॉचमन होतो, मग तपासणीला येणाऱ्या मॅडमच्या हाताखाली लागलो. पातं बाहेरनं पांढरं, गुळगुळीत. आत काचेच्या धाग्याचं कापड, थरावर थर, मधी डिंकासारखं काहीतरी ओतून एकजीव केलेलं. वीज पडली, न्हाईतर ट्रकवरनं आणताना दणका बसला, तर वरनं ओरखडा बी दिसत न्हाई अन् आत थर सुटलेले असतात. मॅडम त्याला इंग्रजीत लांबलचक काहीतरी म्हणायच्या. मी म्हणलो, आमच्यात याला पापुद्रा सुटला म्हणतात. भाकरीला सुटला तर चांगला, पात्याला सुटला तर वाईट. तेव्हापासनं त्या बी पापुद्राच म्हणायला लागल्या.

माझ्यापाशी जुना मोठा रुपया होता. त्यानं पातं वीत-वीत ठोकत जायचं. नीट असंल तर खणखणीत वाजतं. पापुद्रा सुटला असंल तर बद्द. बद्द वाजलं की मार्करनं गोल करायचा. मग मॅडम त्या गोलावर जेली लावायच्या अन् मशीनचा काडेपेटीएवढा तुकडा त्यावर ठेवायच्या. त्यातनं आवाज आत जातो, माणसाच्या कानाला न येणारा. पलीकडच्या बाजूला धडकून परत येतो. परत आला की पडद्यावर रेघ उभी राहती. मॅडमनी मला समजावलं होतं, काका, अलीकडची रेघ येणारच, तिच्याकडं बघायचं न्हाई. पलीकडची रेघ बघायची. ती आली तर थर जुळलेले. ती गायब झाली तर आवाज आतच कुठंतरी अडकलाय, तिथं खोट हाय. काही न दिसणं हे चांगलं नसतंय, काका.

हे मला चांगलं कळत होतं. हिथं मुद्दाम लिहितोय, कारण पुढं मी ते न कळल्यासारखं केलं.

तुझा कान माझ्याहून तिखट. एकदा तू डबा घेऊन आलतीस. लिंबाखाली बसली होतीस, दहा पावलांवर. मी ठोकत पुढं गेलो तर मागनं म्हणलीस, "मागं या. तिथं बद्द आलं."

"कुठं?"

"आत्ता तुमची टाच होती तिथं. कान हाय का बटाटा?"

मी परत ठोकलं. मला काय फरक लागंना. मॅडमनी जेली लावून मशीन ठेवली तर पलीकडची रेघ गायब. तीनदा बघितलं त्यांनी. मग उठून तुझ्याकडं आल्या.

"काकू, काकांना काढून तुम्हालाच घेते कामावर."

"घ्या की. पर मग भाकरी यांना कराव्या लागतील. त्या सगळ्या बद्द निघतील."

मॅडम खाली बसून हसल्या. ते पातं बाद झालं. तुझ्या गोलासकट अजून लिंबाखालीच पडून हाय. त्या दिवसापासनं माझा रुपया तुझा बी झाला. कुठं पडू नये म्हणून माझ्या शर्टाच्या खिशाला तू गुंडी शिवलीस, अन् निघताना रोज तूच ती लावायचीस. म्हाताऱ्याची बोटं गुंडीवर चालत न्हाईत म्हणायचीस.

पण त्याच दिवशी आणखी एक झालं होतं. मॅडमनी बाटली उलटी करून जेली पात्यावर सोडली तेव्हा तू त्या बाटलीकडं बघितलंस. मॅडम तुझं कौतुक करून वळल्या न वळल्या तोच तू उठलीस अन् डबा तिथंच टाकून घरी निघून गेलीस. संध्याकाळी मी विचारलं, काय झालं. तू चुलीत काटक्या सारत होतीस.

"ती जेली."

"तिचं काय?"

"गार असती ती."

मला लगेच आठवलं. त्यावर गप बसायची सवय होती आपल्याला.

आता ते लिहितो. सुनी आठ वर्षांची होती. इतक्या वर्षांनी तुला पुन्हा दिवस गेले होते. माझी आई म्हणली, एकदा बघून घ्या. तेव्हा बघून घेतात म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला फोडून सांगावं लागत नव्हतं. पोटात पोरगी हाय का पोरगा ते मशीनवर बघायचं, पोरगी निघाली तर पाडायची. मी आईवर ढकलत न्हाई. आई घरी होती, जीपमध्ये मी होतो. तुला टेबलावर झोपवलं, परदा ओढला. मी बाहेर बाकड्यावर तंबाखू मळत बसलो. डॉक्टर बाहेर आला. तोंडानं काय बोलला न्हाई, नुसती मान हलवली. मी म्हणलो, मग करून टाका. तुला कुणी विचारलं न्हाई. मी बी न्हाई.

परत येताना जीपमध्ये तू एवढंच बोललीस, "जेली लई गार होती." मी म्हणलो, "हूं." गिरजे, तीस वर्षांत त्या गोष्टीवर तुझ्यापाशी माझं बोलणं झालं ते एवढं. हूं.

पुन्हा तुला दिवस गेले न्हाईत. लई वर्षांनी, आई गेल्यावर, मीच एकदा विषय काढला. म्हणलो, सुनीला सांगावं का कधी? तू पीठ मळत होतीस, हात थांबले.

"तिला कधी सांगायचं न्हाई. तिला वाटंल, आपण बी नकोच होतो, पहिली म्हणून वाचलो. शब्द द्या."

मी शब्द दिला. शब्द पाळायला सोपा होता, मला तरी.

या दिवाळीनंतर तुझ्या पोटात दुखायला लागलं. उजवीकडं, बरगडीखाली. ओवा खाल्लास, शेक घेतलास. लुगडं सैल झालं तर म्हणलीस, कापडच खराब निघालं. मी म्हणलो, बीडला चल, सोनोग्राफी करू.

"त्या टेबलावर मी पुन्हा झोपणार न्हाई."

"आता तसलं न्हाई ऱ्हायलं. भिंतीवर लिहिलेलं असतं, हिथं तसलं करत न्हाईत म्हणून."

"तेव्हा बी भिंतीवर गणपती होता."

महिनाभर हेच. मी चिडून बोललो, हात जोडून बोललो, एक दिवस जेवलो न्हाई. तू माझं ताट झाकून ठेवलंस अन् झोपलीस. तुला उचलून गाडीत घालावं असं मनात यायचं. पण एकदा तसं नेलं होतं तुला. दुसऱ्यांदा कुठल्या तोंडानं नेऊ?

अन् मग माझ्या डोक्यात ते आलं. आमच्या मॅडमची मशीन बी आवाजच पाठवती, जेली बी तीच, पडदा बी तसाच. जे पात्यातलं बघतंय ते पोटातलं कावून बघणार न्हाई? चौथी पास माणसाचं डोकं. मॅडमना विचारलं तर त्या हसल्या, मग म्हणल्या, काका, असं नसतं, ही माणसाची मशीन नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. परत नाही म्हणल्या. तिसऱ्या दिवशी तू डबा घेऊन आलीस अन् तूच म्हणलीस, "ठेवा की माय एकदा. या म्हाताऱ्याचं समाधान होऊ द्या, मला जेवू देईना झालाय."

मॅडमनी आजूबाजूला बघितलं. यार्डात कुणी नव्हतं. आडोसा म्हणून तुझ्याच त्या बाद पात्याच्या मागं घेतलं.

"मी झोपणार न्हाई," तू म्हणलीस. "बसून काय व्हायचं ते होऊ द्या."

पालथ्या क्रेटवर बसलीस, पाठ पात्याला लावून. मॅडमनी जेली आधी स्वतःच्या तळहातावर घेतली अन् दोन्ही हातांनी चोळली. गार लागू नये म्हणून. मग तुझ्या पोटाला लावली. तू त्यांच्या हातांकडं बघत राहिलीस, पडद्याकडं बघितलंच न्हाईस. मी बघत होतो. अलीकडची रेघ आली. तिच्या पुढं वाऱ्यानं गवत हलावं तसं बारीक बारीक काहीतरी. पलीकडची रेघ न्हाई. मॅडमनी बटण फिरवलं, तुकडा सरकवला. न्हाई.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"काही दिसत नाही, काका. दिसणारच नाही. यातून माणसाचं काही कळत नाही, आधीच सांगितलं ना. काकू, हे हसण्यावारी नेऊ नका. याच आठवड्यात बीडला जा. वाटलं तर मी येते बरोबर."

तू पदर सारखा केलास. माझ्याकडं बघून म्हणलीस, "बघा. काय न्हाई म्हणत्यात."

अन् मी म्हणलो, "काय न्हाई."

मॅडमनी सांगितलं त्यातलं निम्मं मी यार्डातच सोडून आलो. पात्यावर पलीकडची रेघ आली नसती तर मी स्वतः मार्कर काढून गोल केला असता, दोनदा ठोकून बघितलं असतं, ते पातं चढवू दिलं नसतं. तुझ्यावर मी गोल केला न्हाई. मला बरं वाटलं होतं गिरजे. त्या दुपारी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तू माझ्याकडं बघत होतीस, मी खाताना.

मॅडमचा यात काय दोष न्हाई. त्यांची बदली झाली, तरी त्यांनी दोनदा फोन करून विचारलं. दोन्ही वेळा फोन तू घेतलास, जाऊन आलो म्हणलीस.

सुनीला तर तू माझ्यासमोर फोनवर सांगितलंस. ती विचारत होती, आई, तपासलं का. तू म्हणलीस, "तपासलं की. मशीन लावली. काय न्हाई निघालं." ती म्हणली, कुठं? तू म्हणलीस, "हिथंच जवळ. बाई लई चांगल्या होत्या." एक शब्द खोटा नव्हता त्यात. सुनीचा जीव खाली बसला. तिनं मग जोर धरला न्हाई. मी शेजारी बसून बिडी ओढत होतो.

आता मला एवढंच सांग, तुला ठावूक होतं का? दहा पावलांवरनं पात्यातला पापुद्रा तुला ऐकू आला. मग तुझ्या अंगात काय सुटत चाललंय ते तुला कळलं नसंल? माझं समाधान व्हावं म्हणून तू बसलीस, हे मला पटतं. पण मग वाटतं, तू मला जामीन दिलास का? उद्या हा म्हातारा रडंल तर त्याला म्हणता यावं, मशीन लावली होती. का तुलाच आडोसा पायजे होता, ते टेबल टाळायला? कधी कधी अशी तिडीक येती तुझी. वाटतं, जाऊन तिथं मातीपाशी उभं राहून भांडावं. अन् कुणाशी भांडू? टेबलावर पहिल्यांदा झोपवलं ते मीच.

शिवरात्रीच्या सुमाराला डोळे पिवळे झाले. आता तुझ्यात नको म्हणायचा बी जोर नव्हता. बीडला नेलं, तिथनं औरंगाबादला. शेवटी झोपवलंच तुला टेबलावर. या वेळेला मी परद्याच्या आत होतो. डॉक्टरीणबाईनं बाटली उचलली तसं तू डोळे मिटलेस, अन् मी म्हणलो, बाई, जेली आधी हातावर चोळून घ्या. त्यांनी घेतली. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्याचं काय करू, ते मला कळत न्हाई. त्यात माफी होती असं लिहिलं तर ते मी माझ्या मनानं लिहिल्यासारखं होईल.

पित्ताच्या पिशवीपाशी गाठ होती, लिव्हरपर्यंत गेलेली. डॉक्टरीण म्हणल्या, चार महिने आधी आणायला पायजे होतं. सुनी म्हणली, पण तपासलं होतं की, काय न्हाई म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरीणनी विचारलं, कुणी तपासलं? सुनीनं माझ्याकडं बघितलं. मी परद्याकडं बघितलं.

परत येताना बीडच्या पुढं तू म्हणलीस, गाडी कपिलधारला घ्या, पाण्यात पाय बुडवायचेत. गाडीवाला तयार होता. मीच म्हणलो, आता धार आटली असंल, बरी झाल्यावर जाऊ. कावून म्हणलो असंल तसं? धार आटली असती तर आटलेली बघून आलो असतो.

तू गेलीस त्याच दुपारी तुला माती दिली. आपल्यात जाळत न्हाईत, झोपवून पुरत बी न्हाईत. आत कोनाडा करून तुला त्यात बसवलं. मांडी घालून, पाठ ताठ. स्वामींनी कपाळाला विभूती लावली, तुझ्या गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं. सगळे शिवाचं नाव घेत होते. मी घेत नव्हतो. माझ्या मनात एकच येत होतं, झोपली न्हाई ही. म्हणली तसंच केलं, बसून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीनं तुझी ट्रंक उघडली. पातळं बाहेर काढली, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, गौरीचं बाळपणीचं टोपडं.

"बाबा, आईच्या तपासणीचा कागद कुठाय?"

"कशाला?"

"त्या दवाखान्यात जाते. माझ्या आईला काय न्हाई म्हणणारा कोण हाय, त्याचं तोंड बघायचंय."

मी ओट्यावर बसून बघत राहिलो. ती एकेक घडी उलगडून झटकत होती. तुझ्या पातळांच्या घड्या, तू घातलेल्या. वाटलं, शोधू द्यावं, दमंल अन् थांबंल. ट्रंक रिकामी झाली तर ती गादी उसवायला बसली. मग मला बघवंना.

"कागद न्हाई," मी म्हणलो. "चल. त्याचं तोंड दाखवतो."

माळापर्यंत चालत गेलो. यार्डातला नवा वॉचमन मला बघून बाजूला झाला. लिंबाखाली ते पातं, त्यावर तुझा गोल, थोडा पुसट झालेला. मी म्हणलो, या पात्याला लावायची मशीन असती. तीच लावली तुझ्या आईला. हिथं बसवून. लावणाऱ्या बाई नको म्हणत होत्या, बीडला जा म्हणत होत्या. मीच लावायला लावली, अन् मीच काय न्हाई म्हणलो.

सुनी पात्याकडं बघत राहिली. तिला नीट कळावं म्हणून मी खिशातनं रुपया काढून तिच्या हातात दिला. गोलाच्या बाहेर ठोक म्हणलो. खणकन वाजलं. आता आत ठोक. तिनं ठोकलं. बद्द. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"हे मला बी ऐकू येतंय, बाबा."

"हो."

"अन् तुमाला न्हाई आलं."

"न्हाई."

मग तिनं तेच विचारलं. "दवाखान्यात कावून आली न्हाई आई? एवढं काय होतं तिथं?"

गिरजे, तुला दिलेला शब्द माझ्यापाशी होता. दुसरं काय होतं माझ्याकडं तुझं? म्हणलं असतं की म्हातारी हट्टी होती, तर खपलं असतं. पण सगळ्याचा दोष तुझ्या हट्टावर जाईल अन् तू तिथं बसलेलीस, नवी माती अंगावर घेऊन. मी शब्द मोडला. म्हणलो, तुला एक बहीण होती. जीप, टेबल, परदा. करून टाका म्हणणारा मी होतो, हे बी सांगितलं. उभ्यानं सांगितलं, तिच्याकडं न बघता.

सुनी रुपया बोटांत फिरवत होती.

"ठावूक हाय मला," ती म्हणली.

"कुणी सांगितलं?"

"आईनं. गौरी पोटात होती तेव्हा. माझ्या सासूनं गाडी ठरवली होती बघून घ्यायला. आई कैऱ्यांची पिशवी घेऊन आली, चार दिवस हलली न्हाई. सगळं सांगितलं. अन् म्हणली, काय बी झालं तरी त्या टेबलावर झोपू नको. मी न्हाई झोपले."

एकोणीस वर्षं झाली त्याला. एकोणीस वर्षं सुनी दर दिवाळीला माझ्या शर्टाचं कापड घेऊन येत होती, माझ्या पाया पडत होती, अन् तिला ठावूक होतं. तुला ठावूक होतं की तिला ठावूक हाय. घरात आपण सगळेच एकमेकांपासनं झाकत होतो, अन् मी तेवढा खरंच आंधळा. तू माझ्याकडनं शब्द घेतलास अन् तुझा तू मोडलास, म्हणून गौरी हाय. ती पोरगी म्हणती, आबा, शब्दाला हात न्हाई लावत. लावू नको माय.

सुनीला विचारायचं होतं की तिला माझा राग येतो का. तेवढ्यात ती पुढं आली, रुपया माझ्या खिशात टाकला अन् गुंडी लावली.

"चला. लोकं येतील भेटायला."

ती पुढं, मी मागं. घरी आल्यावर ती तुझी पातळं घड्या घालून ट्रंकेत ठेवायला लागली. तुझ्यासारख्या घड्या तिला जमत न्हाईत. ओट्यावर खांबापाशी पात्याचा तुकडा तसाच होता, हातोडी तशीच, अर्धं पोतं चिंचा राहिलेल्या. शेजारची म्हातारी कुंपणावरनं म्हणली, आज कशाला काम काढताय, लोक काय म्हणतील. मी म्हणलो, म्हणू दे. बसलो.

एक चिंच उचलली, तू धरायचीस तशी कानाशी धरली अन् हलवली. मला काय ऐकू आलं न्हाई. ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली.